कानगोष्ट करणारी यंत्रे

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. वय साठीच्या पुढे. दोन वर्षांत त्या लिहावाचायला शिकल्या. एस. टी. ची पाटी वाचतात. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतात. त्यांची मुलगी दूरच्या गावी दिलेली आहे. तिचा फोन रोज सांजेला येतो. एके दिवशी त्या फोनचे काय झाले, ते मावशींनी आम्हांला सांगितले. त्यांना विचारून, आणि त्यांचे नाव न घेता, आम्ही ते येथे सांगत आहोत. कारण असे तुमच्याआमच्या कोणाच्याही घरी होऊ शकते.

सांज झाली होती. मावशी ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. समोर अंगणात त्यांचा पुतण्या आपली जीप धूत होता. जीपमधल्या टेपवर गाणी चालू होती. एवढ्यात मावशींचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला, कानाला लावला आणि म्हणाल्या, "बोल गं बाय."

कानात काहीच ऐकू येईना. पण मुलीचा आवाज तर आला! कुठून आला? जीपमधून. आणि तोही गाण्याइतकाच मोठा.

मुलगी रडत सांगत होती. तिच्या लहानग्याला दवाखान्यात ठेवले होते. पैसे कमी पडले, म्हणून तिने सासूला न सांगता मंगळसूत्र गहाण टाकले होते. ही गोष्ट आईच्या कानापुरती होती. ती सगळ्या आळीने ऐकली. पुतण्याने धावत जाऊन टेप बंद केला. पण तोवर जे जायचे ते चार कानांवर गेले होते. आळीतल्या एका घराचे नाते मुलीच्या सासरशी होते. दोन दिवसांत बोलणे तिकडे पोचले. पोर आजारी, आणि वर मुलीला घरच्यांची बोलणी खावी लागली.

मावशी घाबरल्या. "फोनात काहीतरी शिरलंय," असे म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि पत्र्याच्या पेटीत टाकून दिला. आठ दिवस त्याला हात लावला नाही. मुलगी रोज फोन लावी, तो लागत नसे. नातवाचे कसे आहे, तेही मावशींना कळेना.

मंडळी, फोनात काही शिरले नव्हते. भूत नव्हते, करणी नव्हती. फोन आणि जीपचा टेप यांची एकमेकांशी ओळख झालेली होती, इतकेच. ही ओळख कशी होते, ती कोण करून देतो आणि ती कशी मोडायची, हे समजले की भीती जाते. ज्या युक्तीने हे घडते, तिचे नाव आहे ब्लूटूथ. तिची माहिती आज आपण करून घेऊ.

तारेवाचून जोड

दोन यंत्रे जोडायची, तर पूर्वी मध्ये तार लागे. कर्ण्याला तार, माइकला तार, कानात घालायच्या बोंड्यांनाही तार. ब्लूटूथने ही तार काढून टाकली. तारेचे काम आता लहरी करतात.

या लहरी आपल्याला नव्या नाहीत. आकाशवाणीचा कार्यक्रम रेडिओवर येतो, तो लहरींवरूनच येतो. लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. पण त्या असतात. ब्लूटूथच्या लहरी त्याच जातीच्या. मग फरक काय?

फरक ताकदीचा आहे. आकाशवाणी म्हणजे दवंडी. ती साऱ्या मुलखाने ऐकावी म्हणून पिटलेली असते. ब्लूटूथ म्हणजे कानगोष्ट. शेजारी बसलेल्यापुरती हळू आवाजात सांगितलेली. नेहमीच्या फोनच्या ब्लूटूथला किती ताकद लागते, ठाऊक आहे? एका वॉटचे ४०० भाग करा आणि त्यातला एक भाग घ्या. जवळजवळ तेवढीच. म्हणून तर कानातल्या एवढ्याशा बोंडीची बॅटरी काही तास पुरते.

ताकद थोडी, म्हणून पल्लाही थोडा. साधारण १० मीटर, म्हणजे सुमारे २२ हात. ओसरीपासून अंगणापर्यंत म्हणा ना! काही मोठ्या ताकदीची यंत्रे मोकळ्या रानात १०० मीटरपर्यंतही पोचतात. पण घरात वापरायची बरीचशी यंत्रे २२ हातांच्या आसपासची.

टीव्हीच्या साध्या रिमोटपुढे हात धरून पाहा. टीव्ही ऐकत नाही. कारण त्या रिमोटमधून न दिसणारा प्रकाश निघतो आणि हाताने तो अडतो. ब्लूटूथच्या लहरी मात्र लाकडी दारातून, विटांच्या भिंतीतूनही थोड्याफार पलीकडे जातात. त्यांना खरे अडवतात ते धातू आणि पाणी. आपल्या शरीरातही पाणीच जास्त. म्हणून फोन मागच्या खिशात असला, की कधी कधी कानातला आवाज तुटक येतो.

आणखी एक गोष्ट. ब्लूटूथ म्हणजे इंटरनेट नव्हे. त्याला रेंज लागत नाही, रिचार्ज लागत नाही, त्याचे बिल येत नाही. डोंगरातल्या वाडीत, जिथे फोनला एकही काडी दिसत नाही, तिथेही फोनमध्ये भरून ठेवलेले भजन ब्लूटूथच्या स्पीकरवर वाजते. पण गाणे जर इंटरनेटवरून येत असेल, तर इंटरनेट तेवढे खर्च होणारच. पूर्वी आपल्या देशात साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. ब्लूटूथसाठी मात्र तुम्हाआम्हाला कसला परवाना काढावा लागत नाही.

जत्रेतली भेट

आता तुम्ही म्हणाल, एका लग्नमांडवात पन्नास जणांचे फोन असतात. सगळे एकाच जातीच्या लहरी वापरतात. मग एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात का जात नाही?

समजा, दोन मित्र जत्रेला गेले आहेत. गर्दी अशी की एका जागी उभे राहून धड बोलता येत नाही. म्हणून त्यांनी आधीच ठरवले. आधी लिंबाखाली भेटू. तिथून विहिरीवर जाऊ. तिथून पाळण्याजवळ, मग देवळामागे. प्रत्येक ठिकाणी दोनच शब्द बोलायचे आणि पुढे जायचे. एखाद्या ठिकाणी ढोल वाजत असला, तर तिथले दोन शब्द बुडतील. पण पुढच्या ठिकाणी ते पुन्हा सांगता येतील. तिसऱ्या माणसाला हा क्रम ठाऊक नाही. त्याला त्यांचे सगळे बोलणे सहज ऐकू येणार नाही.

ब्लूटूथ असेच करते. या लहरी एका सेकंदात सुमारे २४० कोटी वेळा हेलकावतात. त्या पट्ट्यात ब्लूटूथसाठी ७९ वाटा पाडलेल्या आहेत. आवाज नेताना दोन्ही यंत्रे ठरल्या क्रमाने एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर उड्या मारतात. किती उड्या? एका सेकंदात १,६०० पर्यंत! आपली पापणी लवेपर्यंत त्यांच्या शंभरावर उड्या होऊन जातात. कमी बॅटरी खाणारे ब्लूटूथ २०१० साली निघाले. त्यात ४० वाटा असतात. पण युक्ती तीच.

नाव कसे पडले?

ही युक्ती आली स्वीडन देशातून. तिथल्या लुंड गावात एरिक्सन या फोनच्या कंपनीत १९९४ साली हे काम सुरू झाले. याप हार्टसेन नावाचे हॉलंडचे इंजिनियर आणि त्यांचे सोबती स्वेन मॅटिसन यांनी त्यावर मेहनत घेतली. फोन आणि त्याला जोडायची यंत्रे यांच्यामधली तार काढून टाकायची, हा त्यांचा विचार.

पण एकट्याने करून भागणारे हे काम नव्हते. एका कंपनीचा फोन आणि दुसऱ्या कंपनीचे यंत्र, दोघांना एकच भाषा यायला हवी. नाहीतर उपयोग काय? म्हणून १९९८ साली पाच कंपन्यांनी मिळून एक संघ केला. एरिक्सन, नोकिया, इंटेल, आय. बी. एम. आणि तोशिबा या त्या कंपन्या. धंद्यात स्पर्धा असूनही त्या एका भाषेवर एकत्र आल्या.

या युक्तीला नाव काय द्यायचे? इंटेल कंपनीतल्या जिम कार्डाक यांनी एक तात्पुरते नाव सुचवले होते. सुमारे १,००० वर्षांपूर्वी डेन्मार्क देशात हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. विखुरलेल्या मुलखाला त्याने एका राज्यात आणले. त्याला लोक 'निळा दात' म्हणत. त्याचा एक दात किडून काळानिळा दिसे, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. इंग्रजीत निळा म्हणजे ब्लू आणि दात म्हणजे टूथ. राजाने माणसे एकत्र आणली, आपण यंत्रे एकत्र आणू, असा त्यामागचा विचार. पुढे दुसरे नाव काही वेळेत ठरले नाही. तात्पुरतेच कायमचे झाले. आपल्याकडे नाही का, लाडाने 'बाळ' म्हणतात आणि माणूस सत्तर वर्षांचा झाला तरी बाळच राहतो!

फोनवर ब्लूटूथची एक निळी खूण असते. कोनाकोनाची, उभ्या रेघेची. ती नुसती नक्षी नाही. हॅराल्ड राजाच्या काळच्या लिपीत त्याच्या नावाचे 'ह' आणि टोपणनावाचे 'ब', अशी दोन अक्षरे एकमेकांत गुंफून ती केली आहे. म्हणजे ते एक जोडाक्षरच झाले. जोडाक्षरे शिकताना आपल्याला किती घाम फुटला होता, आठवते ना? आता हेही एक वाचता आले.

ओळख आणि किल्ली

आता मावशींच्या फोनकडे वळू. तो जीपमधून का बोलला?

दोन यंत्रे ब्लूटूथने जोडायची, तर आधी त्यांची ओळख करून द्यावी लागते. फोनवर याला 'पेअर करणे' म्हणतात. पेअर म्हणजे जोडी. फोन आपल्याला पडद्यावर प्रश्न विचारतो, या यंत्राशी पेअर करायचे का? पुष्कळदा दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते. दोन्हीकडे तीच संख्या असेल, तरच हो म्हणायचे. आपण हो म्हटले, की दोन्ही यंत्रे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात. ती दोघांजवळ राहते. पुढचे बोलणे त्या किल्लीने कुलूपबंद होते.

ही किल्ली यंत्रे जपून ठेवतात. पुन्हा जवळ आली, की बहुतेक वेळा न विचारताच आपोआप जुळतात. सोय म्हणून हे चांगले आहे. रोज रोज कोण ओळख करून देत बसणार? पण घोटाळाही इथेच होतो. माणूस ओळख विसरतो, यंत्र विसरत नाही.

आम्ही मावशींना विचारले, "तुमचा फोन या जीपला कधी जोडला होता का?"

त्यांनी थोडा विचार केला. "व्हय की. महिन्यामागं लग्नाला गेलो, तवा माझ्या फोनातली भजनं जीपमंदी लावली होती. पोरगा गाडी चालवत होता. फोनात काहीतरी आलं. तो म्हणाला, काकू, हो वर बोट ठेव. मी ठेवलं."

"काय आलं होतं, वाचलं होतं का?"

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वाचता येत होतं. पण वाचलं नाही."

सारा उलगडा यातच होता. लग्नाहून आल्यावर ओळख कोणी पुसली नाही. त्या सांजेला पुतण्याचा फोन घरात बंद पडलेला होता. गाणी पेनड्राइव्हवरची चालली होती. टेप चालू होताच त्याने आपल्या ओळखीचा फोन शोधला. १५ हातांवर मावशींचा फोन सापडला. दोघे गुपचूप जुळले. फोन आला, तेव्हा आवाज जीपमध्ये गेला. यंत्राने आपले काम चोख केले. चूक कोणाची म्हणाल, तर न वाचता ठेवलेल्या बोटाची.

मग आम्ही काय केले? पेटीतला फोन काढला, चार्ज केला आणि मावशींच्याच हातात दिला. त्यांनीच 'सेटिंग' उघडले. त्यातले 'ब्लूटूथ' वाचले. खाली जोडलेल्या यंत्रांची यादी आली. त्यात जीपच्या टेपचे नाव होते. त्यावर बोट ठेवल्यावर 'विसरा' हा शब्द दिसला. मावशींनी तो एकेक अक्षर लावून वाचला. "वि-स-रा." आणि त्यावर बोट ठेवले. किल्ली गेली, ओळख मिटली. आता टेपने कितीही शोधले, तरी मावशींनी पुन्हा हो म्हटल्याशिवाय जोड होणार नाही.

उपयोग कोठे होतो?

एवढ्यावरून ब्लूटूथ वाईट, असे कोणी समजू नये. विळ्याने बोट कापले, म्हणून आपण विळा फेकून देत नाही.

ज्यांना कमी ऐकू येते, त्यांची नवी कानयंत्रे ब्लूटूथने फोनला जोडता येतात. मुलाचा आवाज थेट कानात येतो. रक्तदाब आणि साखर मोजायची काही यंत्रे आपले आकडे ब्लूटूथने फोनवर पाठवतात. गावोगाव फिरून बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या सख्यांजवळ छोटे छपाईयंत्र असते. ते पुष्कळदा ब्लूटूथनेच फोनला जोडलेले असते. तिथून निघालेली पावती मागून घ्या आणि वाचून पाहा. काही ठिकाणी वजनकाटाही असा जोडतात. मग वजन हाताने लिहावे लागत नाही, काट्याचा आकडा थेट मशीनमध्ये जातो. २०२० साली कोरोनाच्या साथीत सरकारने आरोग्य सेतू नावाची सोय फोनवर आणली. कोण कोणाच्या जवळ आले होते, हे समजण्यासाठी तिनेही ब्लूटूथचाच उपयोग केला होता.

पण प्रत्येक बिनतारी वस्तू ब्लूटूथवर चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. दुकानात पैसे आले की बोलणारा डबा असतो. त्यात बहुधा स्वतःचे सिमकार्ड असते. त्याला फोन जवळ लागत नाही.

काहीजण विचारतात, कानाजवळ या लहरी आल्याने अपाय होतो का? ब्लूटूथची ताकद फोनच्या स्वतःच्या लहरींपेक्षा पुष्कळच कमी असते. लहरींपेक्षा मोठ्या आवाजाला भ्या. कानात बोंडी घालून तासन् तास मोठ्याने गाणी ऐकली, तर कान खरोखर अधू होतात. आणि रस्त्याने चालताना, ट्रॅक्टर किंवा फटफटी चालवताना कान बंद ठेवू नका. मागच्या ट्रकचा भोंगा ऐकू आला नाही, तर जिवावर बेतेल.

काय जपावे?

आम्ही वर्गात फळ्यावर पाच गोष्टी लिहिल्या. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

१. पडद्यावर प्रश्न आला, की आधी वाचा. मग बोट ठेवा. फोन कधी कधी असेही विचारतो, या यंत्राला तुमच्या फोनमधली नावे आणि नंबर पाहू द्यायचे का? गाणी ऐकायला नंबर लागत नाहीत. तिथे नाही म्हणा.

२. आपण कोणाला जोडायला सांगितले नाही आणि तरी प्रश्न आला, तर 'रद्द करा' म्हणा. बाजारात, स्टँडवर, बसमध्ये तर हटकून.

३. दुसऱ्याच्या गाडीला किंवा स्पीकरला फोन जोडला, तर उतरताना ओळख पुसा. 'विसरा' हा शब्द विसरू नका.

४. काम झाले, की ब्लूटूथ बंद करा. दार उघडे टाकून आपण शेतावर जातो का?

५. जुना फोन विकताना किंवा कोणाला देताना त्यातले सगळे पुसून द्या. त्यात आपल्या किल्ल्या असतात.

यांतली एकही गोष्ट अवघड नाही. पैसे लागत नाहीत, मोठे शिक्षण लागत नाही. लागते ते एवढेच, समोर आलेले चार शब्द वाचायचे.

आपण शाळेत गेलो नाही, तेव्हा लोक आपल्याला कागद दाखवत आणि म्हणत, "इथे अंगठा लाव." कागदावर काय आहे, कळत नसे. त्या अंगठ्यापायी कोणाची जमीन गेली, कोणाचे घर गेले. आता कागदाच्या जागी पडदा आला आहे आणि अंगठ्याच्या जागी 'हो' वरचे बोट आले आहे. न वाचता ठेवले, तर ते बोट म्हणजे जुना अंगठाच.

मावशींचा नातू आता बरा आहे. मुलीचा फोन पुन्हा रोज सांजेला येतो. परवा वर्ग चालू असताना मावशींच्या फोनवर काहीतरी आले. शेजारची मुलगी वाकून म्हणाली, "मावशी, हो करा ना, काही होत नाही."

मावशींनी चष्मा लावला. "थांब गं," त्या म्हणाल्या. "मला वाचू दे."